‘सेल’ पुन्हा वाचताना

स्टीफन किंगच्या चाहत्यांपुढे ‘सेल’चं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं: सुरुवात झकास, पुढे ढेपाळते. जानेवारी २००६ मध्ये आलेली ही कादंबरी साधारण साडेतीनशे पानांची. ‘इट’ किंवा ‘द स्टँड’च्या विटांसमोर ही म्हणजे किरकोळच. दोन-तीन रात्रींत सहज संपते, आणि तिचं नुकसान नेमकं तिथंच होतं. पात्रं पळत असतात, त्यांच्यामागे वाचकही पळतो, आणि रस्त्यात किंगने काय काय पेरून ठेवलंय ते पायाखाली जातं. दुसऱ्यांदा वाचताना वेग मोडण्याची काहीतरी युक्ती हवी. ती कशी केली आणि त्यातून काय हाती लागलं, ते खाली लिहितो आहे. शेवटासकट सगळं फोडलेलं आहे, तेव्हा पुस्तक वाचलंच नसेल तर आधी ते वाचा.

ज्यांना आठवण पुसट झाली असेल त्यांच्यासाठी: १ ऑक्टोबरची दुपार, बॉस्टन शहर, तीन वाजून तीन मिनिटं. त्या घटकेपासून जो कोणी मोबाइल कानाला लावेल, त्याला एक आवाज ऐकू येतो आणि माणूस पिसाळतो. कादंबरीत या आवाजाला ‘पल्स’ म्हणतात, पिसाळलेल्यांना ‘फोनर’. क्लेटन रिडेल हा मेन राज्यातल्या केंट पाँड गावचा चित्रकार बॉस्टनला आपली चित्रकादंबरी विकून बाहेर पडलेला असतो. त्याच्याकडे मोबाइलच नाही, म्हणून तो वाचतो. त्याला मिशीवाला, नीटनेटका टॉम मॅकोर्ट भेटतो, मग पंधरा वर्षांची अ‍ॅलिस, पुढे एका शाळेत बारा वर्षांचा जॉर्डन. क्लेला घरी पोचायचंय, कारण त्याच्या मुलाकडे, जॉनीकडे, छोटा लाल मोबाइल आहे.

पहिलं काम सिनेमा डोक्यातून काढण्याचं. २०१६ साली आलेल्या चित्रपटात जॉन क्युसॅक आणि सॅम्युएल जॅक्सन आहेत, आणि तो पाहिलेल्या कुणाच्याही मनात टॉमचा चेहरा पक्का बसलेला असतो. तो पुस्तकातला टॉम नव्हे. चित्रपटातला टॉम रेल्वेचा चालक आहे, गोष्ट विमानतळावर सुरू होते, शेवट तर पूर्ण वेगळा. पटकथेत खुद्द किंगचा हात आहे आणि पुस्तकाच्या शेवटाबद्दल वाचकांनी केलेल्या तक्रारींमुळे त्याने तो बदलला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो: दोन्ही शेवट ‘अधिकृत’ वाटतात. यावर उपाय साधा आहे. पहिली तीस पानं अगदी सावकाश, पात्रांच्या कपड्यांची आणि वयाची वर्णनं अधोरेखित करत वाचायची. कागदावरचा टॉम एकदा उभा राहिला की पडद्यावरचा आपोआप मागे सरतो. चित्रपट बघायचाच असेल तर पुस्तक संपल्यावर निदान आठवडाभराने.

दुसरं काम, कथेच्या आधीची पानं. ती आपण नेहमी उलटून टाकतो. इथे अर्पणपत्रिकेत दोन नावं आहेत, कादंबरीकार रिचर्ड मॅथेसन आणि झॉम्बीपटांचा दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. त्यानंतर तीन अवतरणं: एक फ्रॉइडचं, एक प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कोन्राड लोरेन्झचं, आणि तिसरं व्हेरायझन या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतलं, ‘आता ऐकू येतंय का?’ या अर्थाचं. वासना, आक्रमकता आणि मोबाइलची जाहिरात, एकाच पानावर. लेखकाच्या परिचयात मखलाशी केल्यासारखं एक वाक्य येतं, की त्याच्याकडे मोबाइल नाही. पहिल्या वाचनात हा सगळा विनोद वाटतो. दुसऱ्या वाचनात ही दोन नावं आणि तीन अवतरणं एका कागदावर उतरवून पुस्तकात खूण म्हणून ठेवावीत. पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतात. रोमेरोचा वाटा पहिल्या पन्नासेक पानांत संपतो. पुढचं जवळजवळ सगळं पुस्तक मॅथेसनचं आहे, आणि पहिल्यांदा वाचताना रोमेरोची अपेक्षा ठेवून बसलेल्या वाचकाला ते ‘ढेपाळलं’ असं वाटतं.

समासात खुणा करण्यासाठी मी चार अक्षरं ठरवली. फ, म्हणजे फोन. झ, म्हणजे फोनर लोकांची झुंड नवीन काय शिकली. म, म्हणजे कोण मेलं आणि कुणाच्या हातून. व, म्हणजे वस्तू. पेन्सिल मऊ हवी, कारण स्वस्त आवृत्तीचा कागद पातळ असतो आणि कडक टोकाने मागच्या पानावर वळ उठतात. ई-बुकवर चार रंगांनी भागतं, पण तिथे शोधपेटीचा मोह टाळायचा. शोध तुम्ही विचारलेलंच दाखवतो, आणि पुनर्वाचनात हवं असतं ते न विचारलेलं.

यात एक हमखास फसगत होते. ‘फोन’ हा शब्द दिसला की फ, असं केलं तर पहिल्या भागात समास भरून जातो आणि खुणेला काही अर्थच राहत नाही. नियम आवळायला हवा: एखाद्याच्या कानाला त्या क्षणी फोन का होता किंवा का नव्हता, याचं कारण जिथे सांगितलंय तिथेच फ. मग खुणा मोजक्या उरतात आणि बोलू लागतात. क्लेने मोबाइल घेतलेलाच नाही. टॉमचा होता, पण त्याच्या मांजराने तो पाडून फोडला. शाळेच्या वयस्कर मुख्याध्यापकांना ती वस्तूच नकोशी. वाचलेल्यांत कुणी शूर म्हणून वाचला, हुशार म्हणून वाचला, असं नाही. मांजराच्या पंजाने टॉमचा जीव वाचवला. भयकथेत जगण्या-मरण्याला काहीतरी नैतिक हिशेब असतो, पापी आधी मरतो, अशी आपल्याला सवय लागलेली असते. इथे तो हिशेबच नाही, आणि हे किंगने पहिल्याच भागात बिनबोभाट सांगून टाकलंय.

फ खुणांतून आणखी एक गोष्ट दिसते, ती रचनेच्या दृष्टीने फार देखणी आहे. पल्स वाजला त्या क्षणी फोनवर असलेले लोक सुरुवातीला थोडेच. पण रस्त्यावर रक्त दिसलं की ज्यांनी फोन लावलेला नव्हता ते काय करतात? खिशातून फोन काढतात. पोलिसांना लावतात, घरी लावतात. भीती वाटली की माणूस जे करतो, तीच लागण होण्याची वाट. चावून पसरणाऱ्या झॉम्बीपासून लांब पळता येतं, इथे मदत मागणंच घातक आहे. या कल्पनेला मी पुस्तकातली सगळ्यात चोख कल्पना म्हणेन, आणि ती दोन-तीन पानांत येऊन जाते.

आता सुरुवातीचा तो प्रसंग जवळून बघू. बॉयल्स्टन स्ट्रीटवर आइस्क्रीमची गाडी उभी आहे. रांगेत सूट घातलेली, पूडल कुत्रं घेऊन आलेली, फोनवर बोलणारी बाई. तिच्यामागे दोन किशोरवयीन मुली, एक सोनेरी केसांची, एक काळ्या. क्ले मनातल्या मनात त्यांना पिक्सी लाइट आणि पिक्सी डार्क अशी नावं देतो. त्या दोघी एकच फोन ऐकताहेत, डोक्याला डोकं लावून. फोन लाइटच्या कानाशी, डार्क बाजूने कान लावून. पल्स येतो. बाई खिडकीतून आइस्क्रीमवाल्यावर झेपावते. लाइट त्या बाईच्या गळ्याचा लचका तोडते. पहिल्या वाचनात सगळं लक्ष त्या गळ्याकडे जातं, साहजिक आहे. पण डार्ककडे बघा. ती कुणाला चावत नाही. ती मागे सरकते, आपण कोण हे विचारत सुटते, आणि मग धावत जाऊन दिव्याच्या खांबावर डोकं आपटते, पुन्हा आपटते. तिला आवाज अर्धामुर्धा मिळालाय. हिंसा आली नाही, फक्त ‘मी’ पुसला गेला.

म्हणजे अर्धवट मात्रेचा माणूस कसा दिसतो, हे किंगने अगदी सुरुवातीलाच दाखवून ठेवलंय. शेवटच्या भागात क्लेला जॉनी सापडतो तेव्हा त्याला मिळालेला पल्स बिघडलेला असतो, आणि तोही ना धड फोनर ना धड मुलगा. पिक्सी डार्कचं पान दुमडून ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

त्याच पानांत एक गंमतही सापडते. पल्सची वेळ तीन-तीन अशी दिलीय ती ‘ईस्टर्न स्टँडर्ड टाइम’ने. पण १ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये घड्याळं उन्हाळी वेळेवर असतात, एक तास पुढे. शहरातल्या घड्याळांत तीन-तीन वाजले असतील तर भारतात तेव्हा २ ऑक्टोबर उजाडून तेहतीस मिनिटं झालेली असणार. अख्खा देश झोपलेला, सकाळी गांधी जयंतीची सुट्टी. आपल्याकडे पल्सचा पहिला तडाखा कॉल सेंटरवाल्यांना आणि चोरून बोलणाऱ्या प्रेमी जोडप्यांना बसला असता. कादंबरी अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्याबाहेर फारशी डोकावत नाही, तेव्हा हे आपलं आपण कल्पायचं.

वाचनाचे टप्पे पानांच्या हिशेबाने पाडू नयेत. पुस्तकाचे ठळक नऊ भाग आहेत आणि मुक्काम ठरलेले: बॉस्टन, टॉमचं घर असलेलं मॉल्डन, न्यू हॅम्पशरमधली गेटन अकॅडमी, केंट पाँड, आणि शेवटी कॅशवॅक. एका बैठकीला एक मुक्काम. सोबत एका कागदावर खालून वर जाणारी रेघ ओढून त्यावर मुक्काम मांडायचे, कारण प्रवास सतत उत्तरेकडे आहे. बॉस्टन आणि मिस्टिक नदीपलीकडचं मॉल्डन खऱ्या नकाशावर आहेत. गेटन, केंट पाँड आणि कॅशवॅक किंगच्या डोक्यातले. ते शोधण्यात वेळ घालवू नका. रेघेच्या एका बाजूला दिवस, दुसऱ्या बाजूला रात्र असे रकाने केले की महत्त्वाची गोष्ट लगेच उघडी पडते: मॉल्डननंतर आपली माणसं फक्त रात्री चालतात. दिवस फोनर लोकांचा. ते उन्हात हिंडतात, खायला शोधतात, आणि अंधार पडला की कुठेतरी गायब होतात. हातात विजेऱ्या घेऊन, हळू आवाजात बोलत, रस्त्याच्या कडेने रात्री सरकणारी ही शुद्धीवरची माणसं आहेत. भुतं म्हणून आपण ज्यांची कल्पना करतो, अगदी तशी.

इथे मॅथेसनचं नाव आठवायचं. त्याची १९५४ सालची ‘आय अ‍ॅम लेजंड’ ही कादंबरी: जगात एकच माणूस शिल्लक, बाकी सगळे रक्तपिपासू. रात्र त्यांची, दिवस त्याचा. दिवसा तो फिरतो आणि झोपलेल्यांच्या छातीत खुंटे ठोकतो. शेवटी कळतं, की नव्या जगाच्या दृष्टीने राक्षस तोच आहे, झोपेत मारायला येणारा. ‘सेल’मध्ये किंगने घड्याळ तेवढं उलटं फिरवलंय. दिवस त्यांचा, रात्र आपली. झोपलेल्यांना मारणारे मात्र आपलेच.

गेटनचा भाग या पुस्तकाचा कणा आहे, आणि इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. शाळेच्या खेळाच्या मैदानात शेकडो फोनर रात्री एकमेकांना खेटून, डबाबंद माशांसारखे झोपलेले असतात. भोवताली ठेवलेल्या स्टीरिओंतून संगीत चालू असतं: हॉटेलच्या लॉबीत, लिफ्टमध्ये वाजतं ते मुळमुळीत, गुळगुळीत संगीत. चार्ल्स अर्दाई हे मुख्याध्यापक (हे नाव किंगने आपल्या एका प्रकाशकाचं उचललंय, हार्ड केस क्राइम या मालिकेत किंगचं पुस्तक आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, आलं होतं) आणि जॉर्डन आपली उपपत्ती मांडतात. पल्सने मेंदू धुऊन टाकला, संगणकाची डिस्क पुसावी तसा, आणि तळाशी उरला तो मूळ आदेश: मार. आता त्या कोऱ्या पाटीवर काहीतरी नवीन लिहिलं जातंय, रात्री, झोपेत, सगळ्यांवर एकदम. ते पूर्ण होण्याआधी यांना जाळा, असं मुख्याध्यापक सांगतात. गॅसचे टँकर झोपलेल्या अंगांवरून चालवत मैदानात नेले जातात आणि पेटवले जातात.

पहिल्या वाचनात हा विजय असतो. आपण मनातल्या मनात टाळ्याही वाजवतो. पण झ खुणांचा रकाना समोर ठेवून हेच प्रकरण वाचून बघा. पहिल्या दिवशी फोनर एकमेकांनाही फाडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते एका दिशेने, थव्याने चालायला लागले. मग एकत्र अन्न शोधणं आलं. मग रात्रीचा मुक्काम आणि संगीत. म्हणजे गेटनपर्यंत त्यांनी आपसातली मारामारी थांबवलेली आहे. जाळपोळीच्या रात्री मैदानात जे पडलेले होते ते झोपलेले होते आणि गाणी ऐकत होते. किंग हे कुठेही ठासून सांगत नाही. तो फक्त टँकरची चाकं अंगांवरून जातात तेव्हाचा अनुभव लिहितो आणि पुढे जातो.

त्यानंतर झुंडीचं उत्तर येतं. नवी झुंड येते, आसपासच्या शुद्धीवरच्या लोकांचा बळी घेते, मुख्याध्यापकांना मनाच्या जोरावर आत्महत्येला भाग पाडते, आणि उरलेल्यांना उत्तरेकडे कॅशवॅकला जायचा हुकूम देते. म्होरक्या कोण, तर हार्वर्डचं लाल हुडी घातलेला, गाल फाटलेला ‘रॅगेडी मॅन’. सगळ्यांना एकच स्वप्न पडतं: स्टेडियम, मंचावर उभे केलेले आपण, लॅटिनमध्ये ‘हा माणूस वेडा’ अशी घोषणा, आणि गर्दीचा प्रतिसाद: हात लावू नका. तिथून पुढे रस्त्यावर भेटणारी साधी, शुद्धीवरची माणसंही यांच्यापासून चार हात लांब राहतात, सावली टाळल्यासारखी. यांना शिवायचं नाही. अमेरिकी वाचकाला हा कथेतला एक अंगावर येणारा तपशील वाटत असेल, महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला तो कल्पित वाटणं कठीण. बहिष्कार अमलात आणायला झुंडीला स्वतः यावं लागत नाही. बाकीचे लोक ते काम बिनपगारी करतात, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता म खुणांची यादी. माझ्या मते पुनर्वाचनाचं खरं फळ हेच. पुस्तकभर प्रेतांचा खच आहे, म्हणून नियम असा केला: ज्या सोबत्याशी आपली ओळख होते, ज्याचं जाणं लागतं, तेवढ्यांचीच नोंद. बॉस्टनच्या हॉटेलातले कारकून रिकार्डी गळफास घेतात. मुख्याध्यापक स्वतःच्या हाताने मरतात, हुकूम परक्यांचा. अ‍ॅलिसला रस्त्यावरच्या क्षुल्लक भांडणातून दोन टगे मारतात, आणि ते शुद्धीवरचे आहेत. रे हा बांधकाम मजूर झुंडीला उडवण्याचा आपला बेत डोक्यातून कुणाला वाचता येऊ नये म्हणून स्वतःला संपवतो. चार नावं. झॉम्बी कादंबरीत ज्या चौघांसाठी आपण हळहळतो, त्यांतला एकही झॉम्बीच्या दातांनी मेलेला नाही. चावल्याने लागण होते हा नियमच या पुस्तकात नाही, हेही त्यासोबत लक्षात येतं. दात पहिल्या दुपारीच निकामी झाले. पुढे मारतं ते एकमत, हुकूम, किंवा शुद्धीवरच्या माणसाचा राग.

अ‍ॅलिसच्या मारेकऱ्यांचं पुढे काय होतं, तेही याच खुणेत बसतं. ‘हात लावू नका’ हा हुकूम मोडला म्हणून झुंड त्यांना आत्महत्या करायला लावते. म्हणजे अ‍ॅलिसला न्याय दिला तो झुंडीने. हे वाचून बरं वाटतं, आणि बरं वाटल्यावर लगेच अस्वस्थ वाटतं. सबंध पुस्तकात न्यायाची कामं नियमाने करणारी एकच संस्था शिल्लक आहे, आणि ती फोनर लोकांची.

वस्तूंच्या खुणा कमी पडतात, पण त्या चुकवू नयेत. क्लेने बायकोसाठी घेतलेला काचेचा पेपरवेट. चित्रांची फाइल, जी पहिल्याच हाणामारीत सुऱ्याचा वार झेलते. अ‍ॅलिसला सापडलेला तान्ह्या बाळाचा नायकीचा बूट, जो ती सतत दाबत राहते. किंग भावना सांगत नाही, वस्तू कुणाच्या हातात आहे ते सांगतो. बुटाचा उल्लेख आला की तिथे अ‍ॅलिसच्या मनाची अवस्था वाचायची. क्लेच्या चित्रकादंबरीतला भटका नायक आणि कॅशवॅकच्या मेळ्यातली चार्ली चू-चू ही लहान मुलांची आगगाडी, हे दोन्ही किंगच्याच ‘डार्क टॉवर’ या कादंबरीमालेच्या वाचकांसाठी केलेले डोळे मिचकावणे आहेत. ते कळले नाहीत तरी काही अडत नाही.

नव्या डोळ्यांना खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. रॅगेडी मॅन कृष्णवर्णीय आहे आणि हार्वर्डचं हुडी त्याच्या अंगावर उपरोध म्हणून चढवलंय. २००६ मध्ये लिहिताना लेखकाने यावर दुसऱ्यांदा विचार केला नसावा. टॉम समलिंगी आहे, ते मात्र किंगने फार सहज, गाजावाजा न करता लिहिलंय.

तांत्रिक बाजू लंगडी, यात वाद नाही. टेलिफोनचा आवाज पूर्वापार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसवलेला असतो, आणि मोबाइलमध्ये तो आणखी दाबून पाठवतात, बोलणं कळेल एवढंच ठेवून बाकीचं फेकून देतात. मेंदू पुसणारा नाजूक नमुना या चाळणीतून जसाच्या तसा कसा जाईल? त्यात २००६ ची अमेरिका म्हणजे व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमएवर, सिंग्युलर आणि टी-मोबाइल जीएसएमवर, म्हणजे मोबाइलच्या दोन वेगळ्या तंत्रांवर, आणि दोन्हींचे आवाज दाबण्याचे प्रकार वेगळे. आणि वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, जनरेटर असेल तर डिझेल असेपर्यंत. ऑक्टोबरभर सिग्नल तगून राहतो हे आपल्याकडे भारनियमन पाहिलेल्या कुणालाही पटायचं नाही. पण हा भाग दुसऱ्यांदा वाचताना माझा राग कमी झाला, कारण ही उपपत्ती सांगतोय कोण, तर बारा वर्षांचा मुलगा. कादंबरीत तिला दुजोरा देणारा एकही जाणकार नाही. पल्स कुणी सोडला, का सोडला, याचंही उत्तर शेवटपर्यंत येत नाही. मोठी माणसं त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहतात, कारण त्यांच्याकडे तेवढंही नाही.

काळाचा फरक आणखी एका जागी जाणवतो. पहिला आयफोन २००७ चा, म्हणजे हे पुस्तक त्याआधीचं. इथला फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू. आज लोक फोन कानाला कमी आणि डोळ्यांसमोर जास्त धरतात. आजचा वाचक पल्सला सवयीने समाजमाध्यमांचं रूपक मानून टाकतो, आणि मग पुस्तक सोपं होऊन जातं. तसं करू नये. किंगचा रोख फोन या यंत्रावर नाहीच, तो लोरेन्झच्या त्या अवतरणावर आहे. मुख्याध्यापक म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की वेड खाली आधीपासून होतं, फोनने फक्त वरचं झाकण काढलं.

मराठी वाचकाला एक जास्तीची अडचण येते, आणि तिचं कारण नारायण धारप. आपल्यातल्या कित्येकांनी किंग पहिल्यांदा वाचला तो धारपांच्या मराठीतून, नाव न कळता. ‘लुचाई’ म्हणजे ‘सालेम्स लॉट’. ‘तुंबाड’ चित्रपटामागे असलेली ‘आजी’ ही धारपांची कथा किंगच्या ‘ग्रॅमा’वरून. धारपांच्या जगात दुष्ट शक्ती बाहेरून येते आणि तिच्याशी सामना करायला कुणीतरी जाणता असतो. त्यांच्या कथांतले ‘समर्थ’ तर त्यासाठीच जन्माला आले. त्या वळणाने ‘सेल’ वाचली की आपण मुख्याध्यापकांना समर्थ समजून बसतो. ज्ञानी, वृद्ध, शांत, उपाय सांगणारा. त्यांचा उपाय म्हणजे जाळपोळ, आणि तिच्यामुळेच सगळ्यांच्या कपाळी बहिष्कार येतो. इथे जाणता कुणीच नाही, हे मान्य करूनच गेटनचा भाग वाचावा लागतो.

कॅशवॅकचा भाग मी झरझर वाचला. बसमध्ये स्फोटकं, मेळ्याच्या कामगारांनी जुगाड करून चालू ठेवलेला सिग्नल, खिडकीतून निसटलेला जॉर्डन, क्लेने लावलेला एक फोन आणि स्फोट. यंत्रणा चोख बसवलीय, पण त्यापलीकडे तिथे फारसं काही नाही. फक्त एवढं टिपायचं, की झुंड यांना तिथे जाहीर मृत्युदंड देणार होती. मॅथेसनच्या नायकाचं जे झालं तेच. फरक इतकाच की किंगची माणसं निसटतात, आणि ज्या साधनाने जग गेलं त्याच साधनाने.

राहिला तो शेवट. जॉर्डनचा तर्क असा, की पल्सच्या प्रोग्रॅममध्ये कीड शिरून तो बिघडत चाललाय, आणि मेंदूने मूळ माणूस कुठेतरी जपून ठेवला असेल तर दुसऱ्या, आणखी बिघडलेल्या मात्रेने तो परत येऊ शकेल. क्ले फोन लावतो, जॉनीच्या कानाशी धरतो, पुस्तक संपतं. पहिल्यांदा वाचताना बहुतेकांना हे अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. आता दुमडलेलं पिक्सी डार्कचं पान उघडा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. डार्क स्वतःलाच विचारत होती की मी कोण. तिला शेवटपर्यंत उत्तर मिळालं नाही, पण प्रश्न विचारणारं कुणीतरी आत शिल्लक होतं. जॉनीही बापाला ओळखल्यासारखं करतो. तर्काच्या बाजूने पुरावा आहे तो एवढाच, आणि विरुद्ध बाजूला तो खांब आहे. माझं मत: किंगने शेवट टाळलेला नाही. क्लेला जेवढं माहीत आहे तेवढंच त्याने आपल्यालाही दिलंय, आणि त्यावर फोन लावायचा की नाही हे ठरवायला लावलंय.

हे वाचून झाल्यावर दोन गोष्टी लगेच हाताशी असाव्यात. एक, मॅथेसनची ती १९५४ ची कादंबरी. ‘सेल’च्या आधी वाचली तर गेटनमधला धक्का निघून जातो, म्हणून नंतरच. दुसरी, किंगचीच ‘होम डिलिव्हरी’ ही १९८९ ची कथा, ‘नाइटमेअर्स अँड ड्रीमस्केप्स’मध्ये आहे. मेनच्या किनाऱ्याजवळचं बेट, गरोदर विधवा, आणि थडग्यांतून खरोखर उठणारी प्रेतं. रोमेरोचे झॉम्बी किंगला हवे असतात तेव्हा तो ते कसे लिहितो, हे तिथे बघायला मिळतं. तीसेक पानांत काम होतं.